मोरस

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. निमित्त अगदी साधं आहे: नाताळच्या सुट्टीत कुठे जायचं?

आम्ही उत्तर इंग्लंडात राहतो. इथे डिसेंबरात दुपारी पावणेचारला सूर्य मावळतो. मावळतो म्हणजे काय, दिवसभर ढगांमागे असतोच, पावणेचारला तो अधिकृतपणे जातो इतकंच. गेली दोन वर्षं आईच्या आजारपणात भारताच्याच फेऱ्या झाल्या. ती गेली. यंदा लेकीनं स्पष्ट सांगितलं, "मला दोन आठवडे फक्त ऊन हवंय." नवऱ्यानं लगेच फ्रिजवर कागद चिकटवला आणि त्यावर चार नावं लिहिली: कॅनरी बेटं, बार्बाडोस, मालदीव, मॉरिशस. पुढे रकाने. विमानाचे तास, तापमान, पाऊस, खर्च.

मला यादी दिली की मी ती वाचत बसते, हा माझा जुना दुर्गुण. त्यामुळे हॉटेलांचे फोटो बघायचे सोडून मी या बेटांचा इतिहास वाचायला घेतला. आणि दोन-तीन रात्रींत एक गोष्ट लक्षात आली. मालदीव सोडलं तर उरलेली तिन्ही बेटं एका धाग्यात ओवलेली आहेत. तो धागा साखरेचा.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्पॅनिश लोकांनी कॅनरी बेटं जिंकली आणि तिथे ऊस लावला. १४९३ साली कोलंबस दुसऱ्या सफरीवर निघाला तेव्हा वाटेत या बेटांवरूनच उसाची बेणी घेऊन कॅरिबियनला गेला. बार्बाडोसवर इंग्रज १६२७ मध्ये वसाहत करायला आले. १६४० नंतर तिथे उसाचं पीक असं काही फोफावलं की बेटावरचं जंगल गेलं आणि आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांची संख्या गोऱ्यांपेक्षा जास्त झाली. मॉरिशसला ऊस आणला डचांनी, १६३९ मध्ये, जावाहून. (बिचारा डोडो पक्षी संपला तोही त्याच डचांच्या काळात.) डच १७१० मध्ये निघून गेले, १७१५ मध्ये फ्रेंच आले, १८१० मध्ये इंग्रजांनी बेट घेतलं. मालक बदलत गेले. ऊस वाढतच गेला.

म्हणजे बघा, आज जी ऊब आपण तिकीट काढून विकत घेतो, तीच ऊब तेव्हा उसाला हवी होती. आणि उसाला नुसती ऊब पुरत नाही. त्याला माणसंही लागतात, भर उन्हात वाकून काम करणारी.

इथवर मी हे सगळं इतिहासाचं पुस्तक वाचावं तसं वाचत होते. मग 'मोरस' हा शब्द आठवला.

माझी आजी, म्हणजे वडिलांची आई, चिपळूणजवळच्या आमच्या गावची. ती साखरेला मोरस म्हणायची. "चहात मोरस घालू की गूळ?" गूळ घरच्यांना, मोरस पाहुण्यांना. लहानपणी मला वाटायचं, हा कोकणातलाच काहीतरी शब्द असणार. तो मॉरिशसचा आहे हे कळलं तेव्हा मी कॉलेजात होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मॉरिशसची पांढरी साखर मुंबई बंदरात एवढी उतरायची की बेटाचं नावच साखरेला चिकटलं. पुढे स्वदेशीच्या चळवळीत या परदेशी साखरेवर बहिष्कारही पडला. नंतर जावाची साखर आली, मग आपल्याकडेच कारखाने झाले. आजीच्या डब्यातली साखर इथलीच होती, पण डब्याचं नाव मोरसच राहिलं.

आजीच्या तोंडी हा शब्द आणखी एका ठिकाणी यायचा. माझ्या खापरपणजोबांचा एक भाऊ होता. त्याचं काय झालं असं विचारलं की ती म्हणायची, "तो मोरसला गेला." एवढंच. आम्ही मुलं हसायचो. माणूस साखरेला कसा जाईल?

तर तो कसा गेला असेल, ते आता सांगते.

ब्रिटिशांनी गुलामगिरी बंद केली, ती मॉरिशसमध्ये १ फेब्रुवारी १८३५ पासून लागू झाली. मळेवाल्यांना भरपाई म्हणून सुमारे २० लाख पौंड मिळाले. गुलामांना काही नाही. उलट आणखी चार वर्षं, 'उमेदवार' या गोंडस नावाखाली, त्यांना त्याच मालकांकडे राबावं लागलं. मालकांनी मात्र आधीच सोय बघून ठेवली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलास' नावाचं जहाज ३६ हिंदुस्थानी मजुरांना घेऊन कलकत्त्याहून पोर्ट लुईला लागलं. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये. 'अ‍ॅग्रीमेंट'चं झालं गिरमिट, आणि ते करणारे गिरमिटिये.

अत्याचारांची ओरड झाली म्हणून मध्ये काही वर्षं ही भरती थांबली होती. १८४२ मध्ये ती परत सुरू झाली आणि कलकत्ता, मद्रासबरोबर मुंबई बंदरही खुलं झालं. सगळे मिळून साडेचार लाखांच्या आसपास लोक गेले. बहुसंख्य बिहार आणि पूर्वेकडच्या संयुक्त प्रांतातले, त्याखालोखाल तमिळ आणि तेलुगू. मुंबईहून गेलेले त्या मानानं थोडे. पण त्यांत रत्नागिरी आणि आसपासचे पुष्कळ होते. मॉरिशसमध्ये आजही मराठी म्हणवणारा समाज आहे, शाळांमधून मराठी शिकवतात, गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. आपल्या जाखडीसारखा नाचही त्यांनी 'झाकरी' म्हणून जपलाय.

करार कागदावर बरा दिसायचा. प्रत्यक्षात एक दिवस गैरहजर राहिलं की दोन दिवसांची मजुरी कापत. मुदत संपलेल्यांनाही मोकळीक नव्हती. १८६७ च्या कायद्यानुसार त्यांना स्वतःचा फोटो लावलेलं तिकीट जवळ बाळगावं लागे, ते नसलं तर अटक. याविरुद्ध १८७१ मध्ये नऊ हजारांवर मजुरांनी अर्ज केला. तो लिहायला आदोल्फ द प्लेविट्झ नावाच्या एका युरोपियन माणसानं मदत केली, आणि त्यातून सरकारी चौकशी बसली. आलेल्यांपैकी ढोबळमानानं एक तृतीयांश लोक परतले. बाकीचे तिथलेच झाले.

हे सगळं वाचल्यावर मी बाबांना फोन केला. बाबा ८२ वर्षांचे आहेत, पुण्यात असतात. म्हटलं, "मॉरिशसला जायचा विचार चाललाय. आजी म्हणायची तो मोरसला गेलेला, तो गिरमिटिया असणार ना हो?"

बाबा एकदम तुटकपणे म्हणाले, "आपल्यातलं कुणी कुली म्हणून गेलेलं नाही. आजीला काहीही बोलायची सवय होती." आणि आईच्या वर्षश्राद्धाचा विषय काढला.

मला राग आला, खरं सांगते. आमच्या घरात वंशावळ आहे, बाबांनीच सुंदर अक्षरात लिहून फ्रेम केलेली. त्यात खापरपणजोबा एकटे आहेत. त्यांच्या शेजारी कुणी नाही.

नवऱ्याच्या रकान्यांत तोवर मॉरिशस मागे पडलं होतं. ते विषुववृत्ताच्या दक्षिणेला, डिसेंबरात तिथे उन्हाळा. ऊन भरपूर, पण पाऊस आणि वादळांचा मोसमही तेव्हाच सुरू होतो. बार्बाडोसला त्या दिवसांत हवा कोरडी. त्याचं म्हणणं बरोबरच होतं. आणि मलाही प्रश्न पडला होता: जिथे आपलं माणूस वाकून ऊस तोडत होतं, तिथे आपण आडवं पडून शहाळं प्यायचं? पण मग बार्बाडोसला जाऊन काय वेगळं होणार? तिथे दुसऱ्या कुणाचं तरी माणूस होतं, एवढंच. ते आपलं नाही म्हणून खुर्ची जास्त आरामशीर वाटावी, हे काही मला पटेना.

पुढच्या रविवारी बाबांना परत फोन केला. वाद घालायचा नाही असं ठरवून फक्त वाचलेलं सांगत गेले. पोर्ट लुईला आप्रवासी घाट आहे, १८४९ पासूनचा. जहाजातून उतरलेली माणसं १६ पायऱ्या चढून वर यायची. २००६ मध्ये तो जागतिक वारसा झाला. तिथे प्रत्येकाला नंबर मिळायचा आणि वहीत त्याची नोंद व्हायची: नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, गाव. त्या वह्या अजून आहेत, मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे नाव लिहून घेतलं होतं त्यांनी?"

"हो बाबा."

"बापाचं सुद्धा?"

"हो."

परत शांतता. मागे त्यांचा पंखा ऐकू येत होता. आणि मग बाबांनी मला त्याचं नाव सांगितलं. त्यांना ते पहिल्यापासून माहीत होतं. त्यांच्या आजोबांनी सांगितलेलं, आणि कुणाला सांगू नकोस असंही सांगितलेलं. बाबांनी ते सत्तर वर्षं पाळलं.

ते नाव मी इथे लिहीत नाही. कोकणात ते घरटी सापडेल, आणि नंबर माहीत नसताना वहीत एक माणूस शोधणं सोपं नाही, याची मला कल्पना आहे. सापडेल न सापडेल. पण नाव आणि बापाचं नाव, दोन्ही कागदावर लिहून पर्समध्ये ठेवलंय.

तिकिटं काढली. बारा तासांचं विमान. पाऊस पडला तर पडला, लेक म्हणते तिला गरम पाऊसही चालेल. डिसेंबरात तिथे गुलमोहर फुललेला असतो म्हणे, तो तिला दाखवायचाय. समुद्रात डुंबणार आहोत, झोपणारही आहोत भरपूर. फक्त पहिला दिवस घाटाचा.

बाबांना विचारलं, "तुमच्यासाठी काय आणू?"

म्हणाले, "थोडी मोरस आण."