दोघे, तिघे आणि खंडीभर

धंतोलीतून लोहापुलाखालून पलीकडे गेलं की नागपूरचं कॉटन मार्केट लागतं. याच भागात १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. व्हिक्टोरिया त्याच दिवशी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली, म्हणून गिरणीला ते नाव मिळालं. १८९३ मध्ये टाटांनी निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीला सोबत घेऊन मुंबई-कोबे जहाजं सुरू केली. इंग्रज कंपन्यांच्या चढ्या भाड्याला हा उतारा होता. या जहाजांतून हिंदुस्थानचा कापूस जपानी सूतगिरण्यांकडे जाऊ लागला.

या धंद्यात दोन्हीकडे प्रत्येक वस्तूला मोजायचा शब्द वेगळा. आपल्याकडे रुईची गाठ, कापडाचं ठाण, वीस नगांची कोडी. जपानात एका किमोनोपुरतं कापड म्हणजे एक ‘तान’, दोन तान मिळून एक ‘हिकी’. गंमत अशी, की मांजर, कुत्रा, मासाही ‘हिकी’नेच मोजतात. पेन्सिलीला ‘होन’, कागदाला ‘माई’ आणि सशाला चक्क पक्ष्यांचा ‘वा’!

जपानी शिकणारा इथेच घाबरतो. मराठी माणसाने तरी घाबरू नये. जपानीत एक माणूस ‘हितोरी’, दोन माणसं ‘फुतारी’. तिसऱ्यापासून संख्येला ‘निन’ जोडायचं, ‘सान्निन’. मराठीतही दोघे, तिघे, चौघे आणि मग पाच जण. घडण तीच, फक्त आपण दोन पायऱ्या पुढे जाऊन वळतो.

मोजणीचे हे शब्द वाक्प्रचारांतही शिरले. जपानीत पादत्राणांचा जोड ‘सोकु’ने मोजतात. गवती वहाणांचे दोन जोड घालणं, ‘निसोकु नो वाराजी ओ हाकु’, म्हणजे एकट्याने दोन व्यवसाय करणं. जुन्या जपानच्या एदो काळात जुगाराचा अड्डा चालवून वर सरकारी शिपाईगिरीही करणाऱ्यांवरून ते आलं. आपलं ‘दोन दगडांवर पाय’ त्याला जोडू नये. त्यात तोल जाण्याची भीती आहे, जपानी प्रयोगात ती नाही.

आपल्याकडे १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापं आली आणि शेर, पासरी, छटाक बाजारातून उठले. बोलण्यातून मात्र ‘शेराला सव्वाशेर’, ‘पैशाला पासरी’ हलले नाहीत. ‘खंडीभर कामं’ म्हणणाऱ्या कितीजणांना ठाऊक असेल, की रुईचा भाव आजही सुमारे ३५६ किलोच्या खंडीवर निघतो?

जपानी शिकवणाऱ्यांनी मोजणीच्या शब्दांचे तक्ते पाठ करायला देण्याआधी मुलांना घरच्या आजी-आजोबांकडे पाठवावं. जोड, कोडी, ठाण, पासरी कशाकशाला लावत, हे मुलांनी त्यांना विचारून वहीत उतरवावं, आणि ते लवकर करावं.