दुःखाचा सांडवा

नाटकातला नायक दुःखाच्या भरात श्लोक म्हणू लागला की पुष्कळांना शंका येते. खऱ्या शोकात माणूस अक्षरे मोजीत बसेल काय? शंका रास्त आहे. तिचे उत्तर भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’च्या तिसऱ्या अंकात मिळते.

भवभूती ८ व्या शतकातला. त्याचे पूर्वज विदर्भातल्या पद्मपूरचे. हे पद्मपूर म्हणजे गोंदिया जिल्ह्यातले आमगावजवळचे गाव, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचे मत. अंकाची जागाही गोदाकाठची, पंचवटीच्या परिसरातली. सीतात्यागाला १२ वर्षे लोटली आहेत. त्याग केला तो रामानेच, आणि तो पडला राजा. त्याला चारचौघांत रडण्याची सोय नाही.

अंकाच्या आरंभी मुरला नदी त्याच्या शोकाला पुटपाकाची उपमा देते. वैद्य औषध मातीने लिंपून विस्तवात भाजतो; बाहेर नुसती माती दिसते, आत रस कढत असतो. पुढे रामाचा धीर सुटतो, तेव्हा तमसा नदी म्हणते, तळे तुडुंब भरले की पाण्याला वाट करून देणे हाच उपाय. हे बीड जिल्ह्यातल्या युसूफ वडगावच्या शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. त्याच्याच केज तालुक्यात, धनेगावला, मांजरेवर धरण आहे. जादा पाण्याला वाट नसली तर भिंतच जाईल, हे त्याला पक्के ठाऊक.

आता रामाचा एक श्लोक पाहा. क्षेमेंद्राने ११ व्या शतकात भवभूतीची शिखरिणी वाखाणली. पण इथे कवीने हरिणी वृत्त घेतले. ओळ १७ अक्षरांची. तिचे तुकडे ६, ४ आणि ७ असे. पहिली पाच अक्षरे लघु, धाप लागल्यासारखी, सहावे गुरू. मग सलग चार गुरू, जड पावले टाकल्यासारखे. शेवटची सात लघुगुरूंच्या मिसळीत अडखळत जातात. अर्थही नेमका तिथेच वळतो. काळीज फाटते, पण दुभंगत नाही. अंग आतून जळते, पण राख होत नाही. चारही ओळींत घाव आधी येतो, आणि ‘तरी सुटका नाही’ हे शेवटच्या सात अक्षरांत.

म्हणजे इथे वृत्त हा दागिना नव्हे, तो सांडवा आहे. पाणी वाहते, पण बांधलेल्या वाटेने.

आणि हे काही पंडितांपुरतेच नाही. खेड्यात मयताच्या घरी हेल काढून रडणारी आई ऐका. एक आठवण, मग लांबलेला हेल, मग श्वास. पुन्हा दुसरी आठवण. तिला छंदःशास्त्र कुणी शिकवले नाही, तरी ताल आहेच. तिचे रडणे खोटे, असे म्हणायची कुणाची छाती आहे?

परशुरामपंततात्या गोडबोले (१७९९–१८७४) यांनी हे नाटक मराठीत आणले. मूळ मिळाले तर तो श्लोक मनात वाचू नका. मोठ्याने म्हणा, आणि सहाव्या व दहाव्या अक्षरावर थांबा. राजाचा गळा कुठे दाटतो, ते आपोआप कळेल.