हळद, विळा आणि धनुर्वात



जांबोटीच्या परिसरात भाताची सुगी आली की विळ्याने बोट कापले नाही असे घर विरळाच. आमच्या बालपणी अशा जखमेवर हळद दाबीत. शेतात असलो तर दगडीपाल्याचा रस, आणि तोही हाताशी नसला तर चक्क माती. १९६० च्या सुमारास माझा एक सोबती मातीने बुजविलेल्या अशाच जखमेनंतर आठ-दहा दिवसांनी गेला. मिटलेला जबडा उघडलाच नाही. ‘धनुर्वात’ या शब्दातील धनुष्य मी तेव्हा डोळ्यांनी पाहिले.

‘जखम’ हा शब्द फारसीतून आला, ‘व्रण’ संस्कृतातून. पण ‘हात पिकला’ हा प्रयोग आपल्या घरचा. फळाप्रमाणे जखमही पिकायचीच, ही समजूत त्या क्रियापदात मुरलेली आहे. युरोपातील वैद्यही दीर्घकाळ पुवाला शुभलक्षणच मानीत. १८४७ साली व्हिएन्नात कोलेच्का हे अध्यापक शवविच्छेदनाच्या वेळी बोटाला सुरी लागल्याचे निमित्त होऊन दगावले. त्यांचे मित्र सेमेलवाइस यांनी त्यावरून संसर्गाचा माग काढला आणि डॉक्टरांना क्लोरीनयुक्त पाण्याने हात धुवावयास लावले. १८६७ मध्ये लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लाचे प्रयोग प्रसिद्ध केले. आपल्या सुश्रुताने तर व्रणाचे साठ उपक्रम सांगून व्रणिताच्या खोलीत मोहरी व कडुनिंबाची धुरी द्यावयास सांगितली होती.

हळदीची कथा मात्र अलीकडची. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे एकस्व मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ व लेख पुढे ठेवून त्याला आव्हान दिले आणि ऑगस्ट १९९७ मध्ये ते रद्द झाले. गोव्याच्या माशेल गावाशी नाते सांगणाऱ्या या शास्त्रज्ञाचे यश ऐकून मीही भर वर्गात टाळ्या वाजविल्या होत्या.

परंतु त्या निकालाचा अर्थ आपण जरा ताणला, असे आता वाटते. हळदीचा हा उपयोग नवा नाही, एवढेच तेथे ठरले. हळदीने धनुर्वात टळतो, असे नव्हे. किटासाटो यांनी १८८९ मध्ये वेगळा काढलेला तो जंतू माती-शेणात बीजाणुरूपाने वर्षानुवर्षे टिकतो आणि हवा न पोचणाऱ्या जखमेत वाढतो. म्हणजे आम्ही माती थापून त्याला बीज आणि झाकण दोन्ही पुरवीत होतो! यावर उपाय म्हणजे वाहत्या पाण्याने व साबणाने जखम धुणे आणि वेळेवर लस. आज बालपणीच्या मात्रांनंतर दहाव्या व सोळाव्या वर्षीही ती टोचतात.

माझ्या सोबत्याच्या घरी हळद होती, साबणाची वडीही होती. लस मात्र आमच्या वर्गात कोणालाच टोचलेली नव्हती.