कॅमेऱ्यांतील आरशाची कहाणी

यंत्रांच्या इतिहासांत कित्येकदां असें घडतें कीं, एखादा भाग आरंभीं केवळ सोयीसाठीं येतो, पुढें यंत्राला त्याच्यावरूनच नांव पडतें आणि अखेर तोच भाग काढून टाकण्यांत कारागिरांची बुद्धि खर्च होऊं लागते. छायाचित्र घेण्याच्या कॅमेऱ्यांतील आरशाची गोष्ट अशीच आहे. 'रिफ्लेक्स' हें नांव कॅमेऱ्याला आरशामुळें मिळालें. आणि हल्लीं ज्यांची चलती आहे त्या कॅमेऱ्यांचें 'मिररलेस', म्हणजे बिनआरशाचे, हें नांवहि आरशावरूनच पडलें आहे. हा आरसा कशासाठीं आला, कां गेला, आणि तो गेल्यानें काय बदललें व काय मुळींच बदललें नाहीं, हें ज्याला समजलें त्याला नवा कॅमेरा निवडतांना जाहिरातींवर विसंबून राहावें लागत नाहीं.

भिंगांतून आंत शिरणारा प्रकाश पेटींतील पडद्यावर बाहेरच्या दृश्याचें उलटें चित्र उमटवितो, हें ज्ञान छायाचित्रणाच्या शोधाहून पुष्कळ जुनें आहे. योहान झान या जर्मन विद्वानानें १६८५ सालच्या आपल्या ग्रंथांत बरोबर नेतां येण्याजोग्या एका पेटीचें वर्णन केलें असून, तींत भिंगामागें तिरका आरसा बसविलेला आहे. आरशामुळें चित्र वरच्या बाजूच्या कांचेवर पडे आणि त्यावर कागद ठेवून रेखाटन करणें चित्रकाराला सोयीचें होई. तें चित्र टिकवून धरणारें रसायन मात्र तेव्हां कोणाच्या हातीं लागलें नव्हतें. तें साधल्याचें पॅरिस येथें १८३९ सालीं जाहीर झालें आणि दागेरचें नांव सर्वतोमुखीं झालें.

या पहिल्या कॅमेऱ्यांत आरसा नव्हता. पेटीच्या मागील बाजूस एक घासलेली कांच असे. डोक्यावर काळें फडकें घेऊन तीवरचें उलटें चित्र पाहावयाचें, भिंग पुढेंमागें सरकवून तें रेखीव करावयाचें, मग कांच काढून तिच्या जागीं रसायन लावलेली पट्टी बसवावयाची आणि भिंगाचें झांकण उघडावयाचें, असा क्रम होता. पट्टी बसली कीं दिसणें बंद होई. तेवढ्या वेळांत समोरचें मूल हललें तर छायाचित्रकाराला त्याचा पत्ता नसे. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यानें १८५१ सालीं ओल्या कोलोडियनची रीत प्रसिद्ध केल्यावर चित्रें अधिक सुबक येऊं लागलीं. पण कांच ओली आहे तोंवरच काम उरकावें लागे आणि उष्ण प्रदेशांत तर ती फारच लवकर सुके. याच सुमारास, १८५४ सालीं, मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली व डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय गृहस्थहि तींत सामील झाले. त्या काळच्या सर्वच छायाचित्रकारांची मुख्य अडचण एक होती: पाहण्याचा क्षण निराळा आणि चित्र घेण्याचा क्षण निराळा.

ही अडचण दूर करावी या हेतूनें टॉमस सटन या इंग्रज छायाचित्रकारानें १८६१ सालीं आरसा असलेल्या कॅमेऱ्याचें पेटंट घेतलें. आरसा बिजागरीवर बसविलेला असून, तो खालीं असेपर्यंत भिंगांतील चित्र वरच्या कांचेवर दिसे व तो वर उचलला म्हणजे प्रकाश मागील पट्टीवर पडे. पट्टी आधींच जागेवर असल्यामुळें पाहणें व घेणें यांतील अंतर एकदम कमी झालें. पुढें अशा तऱ्हेचे मोठे कॅमेरे निघाले, परंतु ते अवजड होते.

याच्या उलट मार्ग ऑस्कर बार्नाक यानें धरला. जर्मनींतील वेट्झलार येथील लाइट्झ कारखान्यांत त्यानें सिनेमाच्या फिल्मवर ३६ × २४ मिलिमीटरचें चित्र घेणारा लहानसा कॅमेरा तयार केला व १९२५ सालीं लाइपझिगच्या प्रदर्शनांत तो 'लायका' या नांवानें लोकांपुढें आला. त्यांत आरसा नव्हता. पाहण्यासाठीं भिंगाच्या वर निराळी खिडकी होती. हा कॅमेरा हलका आणि चपळ होता. मात्र खिडकी आणि भिंग यांच्या जागा भिन्न असल्यानें जवळच्या वस्तूचें चित्र घेतांना डोळ्याला दिसलेलें दृश्य व फिल्मवर उतरलेलें दृश्य यांत फरक पडे. ड्रेस्डेनच्या इहागे कारखान्यानें १९३६ सालीं 'किने एक्झाक्टा' काढून त्याच लहान फिल्मवर आरशाचा कॅमेरा चालवून दाखविला. त्यांत वरून खालीं पाहावें लागे आणि दृश्याची डावीउजवी बाजू बदललेली दिसे. १९४९ च्या 'कॉन्टॅक्स एस'मध्यें पंचकोनी लोलक बसवून हा दोष काढण्यांत आला, १९५४ सालीं जपानच्या 'असाहीफ्लेक्स'मध्यें चित्र घेऊन होतांच आरसा आपोआप खालीं येऊं लागला, आणि १९५९ सालीं 'निकॉन एफ' बाजारांत आल्यावर वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांनीं आरशाच्या कॅमेऱ्याचा सर्रास स्वीकार केला. पुढील अर्धशतक आरशाचें होतें.

परंतु आरशानें आपली किंमत वसूल केल्यावांचून सेवा केली नाहीं. एक तर ज्या क्षणीं चित्र घेतलें जाई, नेमका त्याच क्षणीं आरसा वर गेल्यामुळें डोळ्यापुढें अंधार येई. दुसरें, आरशाच्या उघडझांपीनें आवाज होई व कॅमेरा किंचित् हादरे. तिसरी किंमत भिंगांना द्यावी लागली. आरशाला हलावयास जागा हवी म्हणून भिंग फिल्मपासून दूर ठेवावें लागे; निकॉनच्या कॅमेऱ्यांत हें अंतर ४६.५ मिलिमीटर होतें. विस्तृत दृश्य टिपणारें, म्हणजे कमी नाभ्यंतराचें, भिंग साध्या रचनेनें इतकें दूर बसवितां येत नाहीं. फ्रान्सच्या आंजेनिए कारखान्यानें १९५० सालीं 'रेट्रोफोकस' ही निराळी रचना काढून ती अडचण सोडविली. पण अशीं भिंगें आकारानें मोठीं होत. निकॉन एफसाठीं १९५९ सालीं निघालेलें २.१ सेंटिमीटरचें भिंग जुन्या रचनेचें असल्यानें आंत इतकें खोल शिरे कीं, तें लावण्यापूर्वीं आरसा वर अडकवून ठेवावा लागे व दृश्य पाहावयास निराळी खिडकी बसवावी लागे. म्हणजे आरशाच्या त्या प्रसिद्ध कॅमेऱ्यालाहि कांहीं वेळां आरसा बाजूला सारूनच काम करावें लागत होतें.

आरशाची गरज संपविली ती विजेच्या चित्रपट्टीनें. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनीं १९६९ सालीं प्रकाशाचें विजेंत रूपांतर करून साठविणारी चकती शोधून काढली व त्याबद्दल त्यांना २००९ चें नोबेल पारितोषिक मिळालें. कोडॅक कंपनींतील स्टीव्हन सॅसन यानें १९७५ सालीं अशा चकतीवर चालणारा कॅमेरा जुळविला. त्याला एक चित्र टेपवर नोंदण्यास २३ सेकंद लागत. फिल्मची जागा अशा सेन्सरनें घेतल्यावर आरशाचें प्रयोजन वस्तुतः उरलें नव्हतें. फिल्मवर काय पडत आहे तें पाहतां येत नव्हतें म्हणून आरसा आला होता. सेन्सरवर पडलेलें चित्र तर तत्काळ लहानशा पडद्यावर दाखवितां येतें. तरीहि पडदे पुरेसे स्पष्ट व सेन्सर पुरेसे जलद होईपर्यंत आरसा टिकून राहिला. २००८ च्या सप्टेंबरांत पॅनासॉनिकनें 'लुमिक्स जी १' जाहीर केला आणि भिंगें बदलतां येणारा, विजेच्या खिडकीचा, बिनआरशाचा कॅमेरा प्रथमच सर्वसामान्यांच्या आटोक्यांत आला. ऑलिम्पसनें २००९ त व सोनीनें २०१० त त्याच वाटेनें पाऊल टाकलें. २०१३ सालीं सोनीनें 'ए ७' मध्यें ३६ × २४ मिलिमीटरचा पूर्ण सेन्सर बसविला. निकॉन व कॅनन या आरशाच्या मातबर सरदारांनीं २०१८ सालीं आपापले नवे बिनआरशाचे कॅमेरे काढले, तेव्हां या वादाचा निकाल लागल्यासारखा झाला.

या बदलानें झालेले लाभ खरे आहेत. निकॉनच्या नव्या रचनेंत भिंगाचें अंतर १६ मिलिमीटरवर आलें. त्यामुळें भिंगकारांना मोकळीक मिळाली आणि मधें एक कडें बसवून जुनीं भिंगेंहि नव्या कॅमेऱ्यावर वापरतां येऊं लागलीं. पूर्वीं फोकस तपासणारें यंत्र आरशाखालीं स्वतंत्र असे व तें जरा सरकलें तर चित्र अस्पष्ट येई. आतां फोकस सेन्सरवरच तपासला जातो आणि माणसाचा डोळा ओळखून त्यावर तो धरून ठेवण्याचें कामहि यंत्र करतें. शिवाय चित्र उजळ येईल कीं काळवंडेल, हें घेण्यापूर्वींच खिडकींत दिसतें. तोटेहि आहेत. खिडकी विजेवर चालत असल्यानें बॅटरी लवकर संपते. भिंग बदलतांना सेन्सर उघडा राहिल्यास त्यावर धूळ बसते. आणि आवाज टाळण्यासाठीं विजेचें शटर वापरलें तर आणखी एक अडचण येते. आपल्याकडील विजेचा प्रवाह सेकंदास ५० आवर्तनांचा असल्यामुळें कित्येक दिवे सेकंदांत १०० वेळां कमीजास्त होतात. बहुतेक सेन्सर चित्राच्या ओळी एकामागून एक वाचतात, म्हणून अशा प्रकाशांत चित्रावर आडवे पट्टे उमटतात. शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवलें म्हणजे प्रत्येक ओळीला सारखा प्रकाश मिळून हा दोष बहुधा जातो.

आरसा आला आणि गेला. परंतु प्रकाशाचा जो हिशेब छायाचित्रकाराला करावा लागतो, तो त्याच्या आधींहि होता आणि नंतरहि आहे. त्या हिशेबाचीं कलमें तीन. पहिलें भिंगाचें छिद्र. योझेफ पेट्झवाल यानें १८४० सालीं मोठ्या छिद्राचें भिंग रचून माणसांचीं चित्रें घेणें सुकर केलें, आणि १८५८ सालीं जॉन वॉटरहाउस यानें निरनिराळ्या भोकांच्या पट्ट्या भिंगांत सरकवून छिद्र लहानमोठें करण्याची सोय केली. आजचे एफ २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ हे आंकडे म्हणजे नाभ्यंतराला छिद्राच्या व्यासानें भागून आलेला भागाकार होय. म्हणून आंकडा वाढला कीं छिद्र लहान होतें आणि दर पायरीस प्रकाश निम्मा होतो. छिद्र लहान असतां पुढचें-मागचें सर्व रेखीव दिसतें. मोठें असतां मुख्य वस्तु तेवढी उठून दिसते. दुसरें कलम शटरच्या वेळेचें. धांवणाऱ्या मुलाला स्थिर टिपावयाचें तर १/५०० सेकंदाच्या आसपास वेळ हवा. तिसरें संवेदनशीलतेचें. हर्टर व ड्रिफील्ड यांनीं १८९० सालीं तिच्या मापनाची शास्त्रशुद्ध रीत प्रसिद्ध केली. आज तीच गोष्ट आयएसओच्या आंकड्यानें सांगतात. हा आंकडा वाढविला तर कमी प्रकाशांत काम भागतें, परंतु चित्रांत रवाळपणा अधिक दिसतो.

हीं तीन कलमें तराजूप्रमाणें जुळवावीं लागतात. लख्ख उन्हांत एफ १६ ठेवून शटरचा भाजक आयएसओइतका घ्यावा, हा फिल्मच्या काळांतील ठोकताळा आजहि खरा ठरतो. आयएसओ १०० असतां एफ १६ ला १/१०० सेकंद. छिद्र एफ ८ केलें तर प्रकाश चौपट होतो, म्हणून वेळ १/४००. रात्रीं घरांतील दिव्यांच्या उजेडांत हाच हिशेब भिंगाची किंमत दाखवून देतो. कॅमेऱ्याबरोबर मिळणारें साधारण भिंग लांबविलें असतां बहुधा एफ ५.६ वर येतें. त्याच्या जागीं एफ १.८ चें साधें, न लांबणारें भिंग लावलें तर सुमारें दहापट प्रकाश आंत येतो. एफ १.८ ला, आयएसओ १६०० वर, १/१०० सेकंदांत जें काम होतें, त्यासाठीं एफ ५.६ ला १/१० सेकंद लागेल, आणि तेवढ्या वेळांत मूल हलल्याशिवाय राहणार नाहीं. हाताचा कंप सावरणारी योजना हल्लीं कॅमेऱ्यांतच असते. पण तिनें कॅमेरा स्थिर होतो, समोरचें मूल होत नाहीं.

यावरून निवडीचा क्रम आपोआप ठरतो. कुटुंबानें प्रथम कशाचीं चित्रें घ्यावयाचीं तें ठरवावें, मग त्यास योग्य भिंग पाहावें आणि तें ज्यावर बसेल असा कॅमेरा शेवटीं घ्यावा. घरांतील माणसें व लग्नकार्यें यांसाठीं पूर्ण सेन्सरवर ३५ किंवा ५० मिलिमीटरचें भिंग चांगलें. सेन्सर लहान असल्यास दृश्य आंखडतें, हें ध्यानांत धरावें: सुमारें २३.५ × १५.६ मिलिमीटरच्या सेन्सरवर ३५ चें भिंग पूर्ण सेन्सरवरील ५० च्या भिंगाइतकेंच दृश्य दाखवितें, आणि १७.३ × १३ च्या सेन्सरवर तेंच काम २५ चें भिंग करतें. पक्ष्यांच्या चित्रांसाठीं हें आंखडणें उलट उपयोगी पडतें, कारण हलक्या भिंगानें दूरचें जवळ येतें. ज्याच्याकडे आरशाचा चांगला कॅमेरा व भिंगें आहेत, त्यानें तीं टाकून देण्याची घाई करूं नये. प्रकाश त्या भिंगांतूनहि पूर्वींसारखाच आंत येतो.

पाहणें आणि घेणें यांतील जें अंतर काळ्या फडक्याखालीं सुरू झालें, तें बुजवितां बुजवितां छायाचित्रकलेचीं पावणेदोनशें वर्षें गेलीं. नव्या खिडकींत होणारें चित्र आधींच दिसतें व डोळ्यावरचा फोकस यंत्रच धरतें. परंतु छिद्र किती उघडावें, वेळ किती द्यावा, कोणती गोष्ट स्पष्ट राहावी आणि कोणती धूसर व्हावी, हा निर्णय यंत्रावर सोपविला तर यंत्र तो सरासरीनें देतें, आणि सरासरीच्या निर्णयानें घेतलेलीं चित्रें घरोघर सारखींच येतात. ज्या घरांतील एका तरी माणसाला हीं तीन कलमें उमगलीं, त्या घरच्या चित्रसंग्रहांत आजीचा चेहरा दिव्याच्या उजेडांतहि दिव्याच्याच उजेडांतला दिसेल.