दिवाळीचे पाहुणे : आदिलाबादच्या गुसाडींची परंपरा

सणाच्या दिवसांत ठरावीक पात्रांनी लोकांसमोर यावे आणि लोकांनी त्यांची वर्षभर वाट पाहावी, ही प्रथा अनेक समाजांत आढळते. विसाव्या शतकात अमेरिकेत व्यंगपटांनी, म्हणजे रेखाचित्रांना गती देऊन तयार केलेल्या लघुपटांनी, तिला नवे रूप दिले. 1952 सालच्या ‘प्लुटोज ख्रिसमस ट्री’मध्ये नाताळच्या झाडात दडलेल्या चिप आणि डेल यांच्याशी प्लुटो झगडतो, तर 1983 सालच्या ‘मिकीज ख्रिसमस कॅरल’मध्ये चार्ल्स डिकन्सच्या कथेतील भूमिका मिकी माउस आणि त्याचे सोबती वठवतात. प्रसंग बदलतो, पण पात्रांची ठेवण, चाल आणि खोड्या प्रेक्षकांच्या परिचयाच्या असतात, आणि त्या परिचयातच सणाचा आनंद असतो. तेलंगणातील आदिलाबाद परिसरात राजगोंडांच्या दिवाळीत हेच स्थान गुसाडी या पात्राचे आहे. फरक इतकाच की व्यंगपटातील पात्रांची मालकी एखाद्या चित्रसंस्थेकडे असते, तर गुसाडी संपूर्ण गावाचा असतो.

गुसाडी ज्या उत्सवात अवतरतो त्याला दंडारी म्हणतात. आश्विन पौर्णिमेनंतर सुरू होऊन दिवाळीला संपणाऱ्या या उत्सवात गावातील पुरुषांचा मेळा टिपऱ्या आणि वाद्ये घेऊन शेजारच्या गावी जातो, तेथे मुक्काम करतो, यजमानांच्या घरी जेवतो आणि पुढे यजमान गावाचा मेळाही त्यांच्याकडे येतो. गोंड समाजात कुळांचे गट देवांच्या संख्येवरून ओळखले जातात आणि एकाच गटात विवाह होत नाही. त्यामुळे सोयरिकीच्या गावांशी होणाऱ्या या भेटीगाठींतून मनोरंजनाबरोबरच नाती जुळतात आणि जुनी नाती टिकतात. खरीप पिकांचे काम काहीसे उरकत आलेले असते, हेही या प्रवासाला सोयीचे ठरते.

मेळ्यातील टिपऱ्या खेळणारे आणि वादक साध्या वेशात असले, तरी गुसाडी लांबूनच ओळखू येतो. त्याच्या डोक्यावर मोरपिसांचा मोठा घेरदार मुकुट असतो, त्यावर शिंगे लावलेली असतात, आणि आरशांचे तुकडे व गोंडे यांनी तो सजवलेला असतो. चेहऱ्याला काजळी, अंगाला राख, हनुवटीला खोटी दाढी, गळ्यात मण्यांच्या माळा, खांद्यावर जनावराचे कातडे, कमरेला घुंगरू आणि हातात दांडका, असा त्याचा थाट असतो. तो हातवारे, उड्या आणि अचानक थबकणे यांतून हसू निर्माण करतो, लहान मुलांच्या अंगावर धावून जातो, आणि मुले भ्यायल्याचे सोंग करत पुन्हा त्याच्यामागे लागतात. शरीराच्या अतिशयोक्त हालचालींतून बोलणे ही व्यंगपटाची खूण मानली जाते, ती या लोककलेतही आढळते. मात्र गुसाडीच्या विनोदाला धार्मिक अधिष्ठान आहे. उत्सवाच्या काळात त्याच्यात देवाचा संचार असतो अशी श्रद्धा असल्याने तो स्नान करत नाही, आणि त्याच्या खोड्या सहन करणारे लोक त्याच्यासमोर हातही जोडतात. उत्सव संपला की वेश उतरवून स्नान केले जाते आणि तो पुन्हा गावातील साधा शेतकरी होतो.

या परंपरेची लिखित नोंद एका राजकीय संघर्षानंतर झाली. जमीन आणि जंगलाच्या हक्कांसाठी लढणारे कोमराम भीम 1940 मध्ये जोडेघाट येथे मारले गेले, आणि त्यानंतर निजाम सरकारने गोंडांच्या असंतोषाचा अभ्यास करण्याचे काम मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्याकडे सोपवले. त्यांनी मारलवाई गावात मुक्काम करून समाजाचे जीवन बारकाईने पाहिले. त्यांचा ‘द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद’ हा ग्रंथ 1948 साली प्रसिद्ध झाला. याच काळात निजामाच्या प्रशासनातील अधिकारी आणि पुढे मराठीतील इतिहासकार म्हणून मान्यता पावलेले सेतुमाधवराव पगडी यांनी गोंडी भाषा आत्मसात केली, तिचे व्याकरण लिहिले आणि या समाजाविषयी स्वतंत्र पुस्तकही रचले. मराठी अभ्यासकाने गोंडांकडे त्यांच्या भाषेतून पाहावे, हा पायंडा त्यांनी घालून दिला.

मारलवाईचेच कनक राजू यांनी पुढे गुसाडी नृत्य देशभर पोचवले. दिल्लीतील प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्यात ते सादर झाले, असंख्य तरुणांना त्यांनी ते शिकवले आणि 2021 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांचे 2024 मध्ये निधन झाले. सरकारी व्यासपीठामुळे कलेला मान मिळाला हे निःसंशय. तथापि व्यासपीठावर काही मिनिटे चालणारे नृत्य आणि सोयऱ्यांच्या अंगणात रात्रभर रंगणारी दंडारी यांत अंतर आहे, कारण पहिल्यात प्रेक्षक असतात आणि दुसरीत नातेवाईक.

जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे 2016 मध्ये चार जिल्हे झाले, पण गोंड गावांची सोयरीक जिल्ह्यांच्या किंवा राज्यांच्या सीमांनी ठरत नाही, आणि पैनगंगेपलीकडील यवतमाळ व किनवटकडील वस्त्यांशीही ती जुळलेली आहे. म्हणून गुसाडीचे जतन करायचे तर केवळ मुकुट संग्रहालयात ठेवून भागणार नाही. ज्या गावभेटींमुळे त्याला अंगण मिळते त्या टिकाव्यात, आणि पगडींनी सुरू केलेला अभ्यास मराठीत पुढे न्यावा, ही सीमेच्या अलीकडील वाचक-अभ्यासकांची जबाबदारी आहे.