शिवेपलीकडचा मामा

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी निपाणीच्या एका लॉजमध्ये वधूच्या मामांची वाट थोडी अडली. आम्ही वधूपक्षाकडचे पाहुणे म्हणून तेथेच उतरलो होतो. कारकुनाने आमचे ओळखपत्र पाहून न पाहिल्यासारखे करून परत दिले. मामांनी पुढे केलेली पुस्तिका मात्र त्याने दोनदा उलटून पाहिली. मामा बोलत होते मडगावची कोंकणी, राहत होते इंग्लंडातील स्विंडन गावी, आणि हाती पासपोर्ट होता पोर्तुगालचा. परकीय मनुष्य मुक्कामास आला की त्याची माहिती ठरावीक नमुन्यात भरून सरकारास कळवावी लागते. कारकून आपले काम चोख करीत होता. आम्ही वकिलीच्या सवयीने पुढे सरसावलो खरे, परंतु बोलण्यास जागाच नव्हती. भारताचा नागरिक नाही तो परकीय, ही कायद्याची व्याख्या सरळ आहे. आणि स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की आपले सुटते, हे १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचे नववे कलम तितकेच सरळ. याच परकीय गृहस्थाने दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीला बोहल्यावर आणावयाचे होते.

बेळगाव-निपाणीच्या मुलखात लग्नमंडपाशी कायदा येऊन उभा राहण्याची ही पहिली वेळ नव्हे. या मुलखाची गोव्याशी सोयरीक जुनी आहे, आणि त्या सोयरिकीच्या मुळाशीही एक प्रकारे लग्नाविषयीचे कायदेच आहेत. पोर्तुगीज सरकारने १६२० च्या जानेवारीत हुकूम काढून गोवे शहर, बेटे आणि लगतचा मुलूख यांत हिंदूंना विवाहविधी करण्याची मनाई केली. दंड हजार अशरफ्यांचा. लोकांनी लग्ने सोडली नाहीत, मुलूख सोडला. कोणी खाडीपलीकडे जाऊन मंगलाष्टके म्हणवून घेतली आणि घरी परतले, कोणी परतलेच नाहीत.

धर्मांतर करून मागे राहिले त्यांचीही सुटका झाली नाही. इन्क्विझिशनचा १४ एप्रिल १७३६ चा जाहीरनामा अ. का. प्रियोळकरांनी आपल्या गोवा इन्क्विझिशनवरील इंग्रजी ग्रंथात (१९६१) दिला आहे. कायदा वाचण्यात हयात घालवणाऱ्या आमच्यासारख्यालाही तो वाचताना थांबावे लागते. लग्नात वोव्यो म्हणू नयेत. उघड तर नाहीच, घरातही नाही. वधूवरांस हळद, तेल, नारळाचा रस लावून न्हाऊ घालू नये. विडा-सुपारी धाडू नये. देशी वाद्ये वाजवू नयेत. दारी तुळस नको, पुरुषाला पुडवें नको, बाईला चोळी नको. अळणी भात शिजवण्यापर्यंत त्या धर्माधिकाऱ्यांची नजर पोहोचली होती. ज्याने ही यादी केली त्याने कोंकणी लग्न फार बारकाईने पाहिले असले पाहिजे. त्या लग्नातला परका पाहुणा खरे तर तोच. मात्र तो जेवावयास बसला नाही, टिपण करीत राहिला. आणि गंमत अशी, की आज कोंकणी ख्रिस्ती घरांत लग्नाआधी रोस लावतात तो त्याच मनाईतून वाचलेला.

असो. इन्क्विझिशन १८१२ मध्ये उठले, १८८८ मध्ये मुरगावची आगगाडी सुरू झाली, आणि घाट चढून येणाऱ्यांची वाट सोपी झाली. बेळगावच्या पेठेत गोवेकरांची दुकाने थाटली गेली. कॅसलरॉक, लोंढा, मग बेळगाव असा प्रवास करून मडगावचा मामा भाचीच्या लग्नास येई, आणि आपण परराष्ट्रातून आलो असे त्याच्या मनातही येत नसे.

ते मनात आणून दिले १९५० नंतरच्या काळाने. आपल्या राज्यघटनेच्या पाचव्या अनुच्छेदाप्रमाणे ज्याचा अधिवास भारतात आणि आधीची निदान पाच वर्षे वास्तव्य येथे, तो नागरिक झाला. त्यामुळे बेळगावात दुकान घालून स्थायिक झालेला भाऊ भारतीय, आणि मडगावात राहिलेला भाऊ पोर्तुगीज प्रजाजन! एका आईची दोन मुले, एका घरची एकच कुलदेवता, आणि मध्ये आंतरराष्ट्रीय सरहद्द. १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहात पोर्तुगीजांनी गोळ्या चालवल्या. त्यानंतर सरहद्द बंद झाली आणि आगगाडीही थांबली.

निपाणीला ज्या मुलीचे लग्न होते तिच्या आजीचे लग्न त्याच वर्षी मार्गशीर्षात बेळगावात लागले. आजी आज नव्वदीला टेकल्या आहेत. त्यांचे मामा मडगावास. पत्रिका छापून झाली होती, मामांचे नावही तीत होते. घरच्यांना आशा होती की कोणत्या तरी घाटवाटेने ते येतील. रात्री दाराशी कंदील ठेवला होता म्हणे. मामा आले नाहीत. त्यांच्यासाठी मांडलेल्या पाटावर आईने नारळ आणि विडा ठेवला, आणि शहापूरचे एक शेजारी, कापडाचे व्यापारी, मानलेला मामा होऊन उभे राहिले. अंतरपाटाशी पोहोचेपर्यंत आपण मान वर केली नाही, असे आजी सांगतात. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. पुढल्या उन्हाळ्यात मामा प्रथमच भाचीच्या घरी आले, तेव्हा ओटीवर दोन मुले खेळत होती.

त्याच १९६२ च्या मार्चमध्ये निघालेल्या आदेशाने गोव्यात जन्मलेले, आणि ज्यांचे आईबाप वा आजे तेथे जन्मले ते, भारतीय नागरिक ठरले. नको असेल त्याने महिन्याभरात तसे लिहून द्यावे, एवढीच सवड. कांदोळीचे पाद्री मोंतेरो यांनी तसे लिहून दिले. ते आपल्याच गावात परकीय म्हणून राहू लागले, परवान्याची मुदत संपली तरी राहिले, आणि शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने २६ मार्च १९६९ रोजी त्यांचे अपील फेटाळले. निकाल कायद्याने बरोबर आहे असेच आमचे मत. तरी तो वाचला की आपल्याच गावी परवान्यावर राहावे लागलेला पाद्री डोळ्यांपुढून हलत नाही.

आता वारा उलट वाहतो. पोर्तुगालने ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले, परंतु मुक्तीपूर्वी तेथे जन्मलेल्यांचा आणि त्यांच्या मुलाबाळांचा नागरिकत्वावरील हक्क आपल्या कायद्यात राहू दिला. लिस्बनला जन्मनोंद करून कितीएक गोवेकर इंग्लंडात कामाला गेले. आमचे हे मामा त्यांपैकीच. त्यांना विचारले तर ते देशाविषयी बोलत नाहीत, गोदामातल्या रात्रपाळीविषयी आणि मुलीच्या फीविषयी बोलतात.

लग्नाच्या सकाळी मंडपात दुसरीही एक शीव होती. नवरदेवाचे घर निपाणीचे, तंबाखूच्या व्यापारातले. त्यांचे निम्मे सोयरे कागल-गडहिंग्लजचे, काही चंदगडचे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव-निपाणी म्हैसूर राज्यात गेले आणि चंदगड मुंबई राज्यात राहिले. त्या वादाचा दावा २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल झाला, त्याविषयी येथे लिहिण्याचे प्रयोजन नाही. पण कोगनोळीचा नाका ओलांडून आलेल्या त्या वऱ्हाडाला कोणी नमुना भरावयास लावला नाही, हा फरक वकिलाच्या नजरेतून सुटत नाही.

सनई सुरू झाली. मामांना फेटा बांधताना निपाणीकर मंडळींत थोडी चढाओढच झाली. त्यांनी भाचीचा हात धरून तिला आणली, अंतरपाटाशी उभी केली, आणि मंगलाष्टके संपेपर्यंत ते तिच्या मागे हलले नाहीत. रुखवतात बेळगावचे मांडे होते. पंगतीत त्यांच्या पानात एकाऐवजी तीन पडले. "राव दे, पुरो," ते कोंकणीत म्हणत होते, आणि वाढणारा मराठीत "घ्या हो मामा" म्हणत वाढत होता.

जेवणे आटोपल्यावर ते आजींच्या पाया पडावयास गेले. आजींनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिले. आम्हांस वाटले, त्या जुने काही बोलतील. त्यांनी एवढेच विचारले, "कोणत्या घाटाने आलात?"

"आंबोलीच्या," मामा म्हणाले.

"रस्ता मोकळा होता?"

"होता, आजी."

आजींनी मान हलवली, आणि मुलाला हाक मारून मामांसाठी नारळ मागवला.