कोल्हापूरचा ओतकाम उद्योग

कोल्हापूरचा ओतकाम उद्योग : बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वितळवून ते वाळूच्या साच्यांत ओतून मोटारगाड्या, ट्रॅक्टर, पंप व कारखान्यांतील यंत्रे यांचे सुटे भाग घडविणाऱ्या फाउंड्रींचा समूह. शहरातील शिवाजी उद्यमनगर हे त्याचे जुने केंद्र असून पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले येथील औद्योगिक वसाहतींत त्याचा विस्तार झाला.

उदय : पंचगंगेच्या खोऱ्यात उसाची लागवड वाढत गेली, तसतशी गुऱ्हाळांना चरकांची आणि नदीचे पाणी शेतात चढविण्यासाठी तेल-इंजिनांची निकड भासू लागली, ती भागविताना येथील कारागिरांचा ओतकामावर जो हात बसला, त्याच्याच बळावर, विजेच्या पंपांमुळे तेल-इंजिनांची मागणी ओसरल्यानंतर, हा धंदा वाहनांच्या भागांकडे वळू शकला.

कृती : निवताना बीड सुमारे १ टक्क्याने आकसते, म्हणून पॅटर्न, म्हणजे साच्याला आकार देणारा भागाचा नमुना, मूळ भागाहून किंचित मोठा करतात. वाळूत बेंटोनाइट माती, कोळशाची भुकटी व बेताचे पाणी मिसळून ती पॅटर्नभोवती ठासतात. भाग आतून पोकळ हवा असल्यास साच्यात वाळूचा कोअर बसवितात. पाणी अधिक झाले तर वाफ वितळलेल्या बिडाच्या रसात कोंडून भागाला छिद्रे पडतात आणि रस थंड असला तर तो साच्याच्या कानाकोपऱ्यांत पोचत नाही. पूर्वी दगडी कोकवर चालणाऱ्या कुपोला भट्टीत होणारे वितळण आता बहुतांशी विजेच्या इंडक्शन भट्टीत होते.

प्रकार : करड्या बिडात कार्बनाचे प्रमाण साधारणतः २.५ ते ४ टक्के असते आणि त्यातील ग्रॅफाइटाचे पापुद्रे कंपने शोषून घेतात. म्हणून इंजिनाचे ठोकळे व यंत्रांच्या बैठका त्याच्या करतात. मात्र हेच पापुद्रे बिडास ठिसूळपणा आणतात. रसात अल्प मॅग्नेशियम घातल्यास ग्रॅफाइट गोलाकार होऊन बीड चिवट बनते. विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकातील या शोधामुळे क्रँकशाफ्टसारखे भाग बिडाचे ओतणे शक्य झाले.

महत्त्व : ओतलेल्या भागातील दोष पुष्कळदा पृष्ठभागाखाली दडलेला असतो आणि वाहनाच्या बाबतीत त्याची किंमत प्रवाशाच्या प्राणाने मोजावी लागते, म्हणून रासायनिक पृथक्करण व कठिनतेची तपासणी यांना या धंद्यात अग्रस्थान आहे. तितकीच जबाबदारी कामगाराविषयीची आहे : भट्टीची धग व फुप्फुसांना घातक ठरणारी वाळूची सूक्ष्म धूळ यांपासून त्याचे रक्षण करणे हे कारखानदाराचे आद्य कर्तव्य होय.